‘पिशवीला सूज’ म्हणजे नेमकं काय? सोनोग्राफी, ॲडेनोमायोसिस आणि वंध्यत्वावरचे उपचार

आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण सुरुवात एका घरगुती वाक्यापासून करू. मूल होत नाही म्हणून तपासणीला गेलेली बाई घरी येऊन सांगते, ‘डॉक्टर म्हणाले, पिशवीला सूज आहे.’ रिपोर्टात लिहिलेलं असतं ‘बल्की यूटरस’, म्हणजे गर्भाशय आकाराने मोठं. आता हे निदान झालं का? नाही. हे नुसतं मोजमाप झालं. गर्भाशय मोठं का झालं, हे त्यात कुठेच नाही. फायब्रॉइडच्या गाठींमुळे ते मोठं होतं, आधीच्या बाळंतपणांमुळे थोडं मोठं राहतं आणि ॲडेनोमायोसिसमुळेही मोठं होतं. ज्या बाईला मूल हवं आहे, तिच्यासाठी या तिन्हींचा अर्थ वेगळा आणि पुढचा रस्ताही वेगळा.

तर ॲडेनोमायोसिस म्हणजे काय? गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला पाळीत ते गळून पडतं. त्याच्या बाहेर स्नायूंची जाड भिंत असते. अस्तरासारखं ऊतक या स्नायूंच्या भिंतीतच सापडलं, की त्याला ॲडेनोमायोसिस म्हणतात. पावसाळ्यात भिंतीत ओल मुरते ना, तसं समजा. ओल इथे सुरू झाली आणि इथे संपली, अशी रेघ मारता येत नाही. फायब्रॉइडचं तसं नसतं. ती भिंतीत बसलेली कडा असलेली गाठ असते. म्हणून फायब्रॉइड सोलून काढता येतो, मुरलेली ओल सोलून काढता येत नाही.

काही जणींना याचा खूप त्रास होतो: पाळीत अंगावर जास्त जाणं, प्रचंड पोटदुखी. पण बऱ्याच जणींना काहीच जाणवत नाही आणि मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीतच ते पहिल्यांदा दिसतं.

हा आजार नवा नाही. त्याचं वर्णन एकोणिसाव्या शतकापासून आहे. थॉमस कलन यांनी 1908 मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पण कित्येक दशकं खात्रीचं निदान व्हायचं ते गर्भाशय काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर. आता बघा, ज्या बाईला मूल हवं आहे, तिला या निदानाचा उपयोग काय? शून्य. म्हणून आतून केलेली, म्हणजे योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी इतकी महत्त्वाची ठरली. गर्भाशय जागेवर ठेवून त्याच्या भिंतीत डोकावता येऊ लागलं.

पण अडचण अशी झाली, की प्रत्येक डॉक्टर वेगवेगळ्या खुणा बघून वेगवेगळ्या शब्दांत लिहायचा. म्हणून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या ‘मूसा’ गटाने 2015 मध्ये गर्भाशयाच्या भिंतीचं वर्णन कसं करायचं याची एक समान भाषा ठरवली. 2022 मध्ये त्यात सुधारणा होऊन खुणांचे दोन गट पडले.

पहिल्या गटात थेट खुणा. स्नायूंच्या आत छोट्या काळ्या पोकळ्या, पांढरट बेटं, आणि अस्तरापासून भिंतीत शिरलेल्या पांढऱ्या रेषा किंवा कोंब. हे सगळं म्हणजे जागा सोडून वाढलेलं अस्तरच.

दुसऱ्या गटात अप्रत्यक्ष खुणा. गर्भाशय चेंडूसारखं गोल होणं, पुढची आणि मागची भिंत असमान जाड असणं, हातपंख्याच्या काड्यांसारख्या सावल्या पडणं, रक्तवाहिन्या त्या भागातून आरपार जाणं, आणि अस्तर व स्नायू यांच्यामधला पट्टा वेडावाकडा किंवा तुटक दिसणं. म्हणजे भिंतीने दिलेली प्रतिक्रिया. ही दुसऱ्या कारणानेही येऊ शकते, म्हणून नुसत्या अप्रत्यक्ष खुणांवर शिक्का मारताना सावध राहायचं.

रंगीत डॉपलर इथे कामाला येतं. फायब्रॉइडमध्ये रक्तवाहिन्या बहुधा कडेने वळसा घालतात, ॲडेनोमायोसिसमध्ये मधून जातात. आणि जी पोकळी वाटत होती ती नुसती फुगलेली शीर आहे का, हेही डॉपलरच सांगतं.

आणखी एक फसवी गोष्ट. गर्भाशय हा स्नायू आहे, तो मधूनमधून आकुंचन पावतो. त्या क्षणी भिंत एका बाजूला जाड दिसते. थोडा वेळ थांबून पुन्हा पाहिलं, की ती जाडी गेलेली असते. म्हणजे घाईत केलेल्या सोनोग्राफीत नसलेला आजार दिसू शकतो. आणि पोटावरून वरवर पाहिलं, तर असलेला आजार निसटू शकतो.

मूल हवं असणाऱ्या बाईसाठी याने काय फरक पडतो? ॲडेनोमायोसिस असलेल्या स्त्रियांमध्ये आयव्हीएफनंतर गर्भ राहण्याचं प्रमाण कमी आणि गर्भपाताचं प्रमाण जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. हा आजार असूनही अनेकींना मूल होतं, काहींना उपचारांशिवायही. म्हणून निदान चुकलं तरी नुकसान आणि नसताना चिकटवलं तरी नुकसान. पहिल्यात अपयशाचं एक कारण लपून राहतं, दुसऱ्यात नको ती इंजेक्शनं आणि हातचे महिने जातात. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर ते महिने फार महाग पडतात.

श्रोत्यांचे काही प्रश्न

एमआरआय करावाच लागतो का?
प्रत्येकीला नाही. अनुभवी हातातली आतून केलेली सोनोग्राफी बहुतेक वेळा पुरते. चित्र स्पष्ट नसेल, मोठे फायब्रॉइडही सोबत असतील किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर एमआरआयची मदत होते.

निदान झालं तर आधी इंजेक्शनं घ्यायचीच का?
हार्मोन काही काळ दाबून ठेवणारी इंजेक्शनं देऊन मग गोठवलेला भ्रूण सोडायचा, ही पद्धत वापरतात. पण तिचे पुरावे संमिश्र आहेत. वय, अंडाशयातल्या अंड्यांचा साठा, आजाराचा पसारा आणि आधीचे प्रयत्न बघूनच ठरवावं लागतं.

माझ्या वहिनीला पिशवी काढायला सांगितलंय. अजून मूल नाही.
मग घाई करू नका. नुसत्या ‘बल्की यूटरस’वर असा निर्णय होत नाही. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या आणि रिपोर्टात तीन गोष्टी आहेत का ते विचारा: थेट खुणा कोणत्या दिसल्या, आजार कोणत्या भिंतीत आणि किती पसरलाय, आणि तो अस्तराजवळच्या पट्ट्यापर्यंत पोचलाय का. रिपोर्टात हे नसेल, तर सोनोग्राफी पुन्हा करून घ्या. काढलेली पिशवी परत बसवता येत नाही, सोनोग्राफी मात्र पुन्हा करता येते.