वाजणारी खेळणी आणि घरातलं ऑफिस

खुळखुळा हे माणसाचं फार जुनं खेळणं. हडप्पा, मोहेंजोदडोच्या उत्खननात भाजक्या मातीचे खुळखुळे सापडले आहेत. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच्या आईलाही बाळ रिझवायला आवाजच लागत होता. आमच्या भिंगारकडे उरुसात, जत्रेत गेलात तर पिपाणी, टिकटिकी, डमरू ही त्याच घराण्यातली मंडळी भेटतात. फरक इतकाच, की फुंकणाऱ्याचा दम संपला की पिपाणी थांबते. सेलवरची गाडी थांबत नाही.

मार्च 2020च्या टाळेबंदीत पुण्यामुंबईच्या कंपन्यांचं काम घराघरांत आलं. टाळेबंदी गेली, पण पुष्कळ घरांत ते काम राहिलं. आमच्याकडेच बघा. आतल्या खोलीत मुलगी हेडफोन लावून पुण्याच्या कंपनीशी बोलते, बाहेरच्या खोलीत दोन वर्षांची नात आणि तिला सांभाळणाऱ्या मावशी. आत कंपनीचे हिशेब चालू आणि बाहेर पोलिसांची गाडी सायरन वाजवत पलंगाखाली शिरलेली.

अशा वेळी बहुतेक घरांत आतून हाक येते, "मावशी, जरा..." त्या 'जरा'मध्ये सगळं आलं. मावशी खेळणं काढून घेतात, मूल भोकाड पसरतं आणि आवाज दुप्पट होतो. खेळणं आणलेलं असतं मामानं, वाजवतं मूल आणि बोलणी खायची सांभाळणाऱ्या बाईनं! एखादीचं काम यापायी सुटतं. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात 2008 साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण खेळण्याचा आवाज कुणाच्या खाती मांडायचा हे काही कायदा सांगत नाही. ते घरातच ठरवावं लागतं. शिवाय मावशींच्या दृष्टीनं तो आवाज म्हणजे पहारा असतो. दुधाची बाटली विसळताना पाठीमागे टिकटिक चालू आहे, म्हणजे मूल जागेवर आहे. लहान मुलाच्या घरात एकाएकी सामसूम झाली, की जाणती बाई हातातलं काम टाकून धावते.

तेव्हा मूल किंवा मावशी यांना गप्प करण्यापेक्षा खेळण्याकडे वळावं. त्यातही आपल्या मीटिंगपेक्षा मुलाचा कान महत्त्वाचा. मोकळ्या जागेत आवाजापासूनचं अंतर दुप्पट झालं, की तो साधारण 6 डेसिबलनं उतरतो. मुलाचे हात आखूड, खेळणं कानापासून वीतभर. आपण दोन मीटरवर बसून वैतागतो तेव्हा मुलाच्या कानावर त्याहून 18 डेसिबलनं मोठा आवाज आदळत असतो. खोलीत भिंतींमुळे हा फरक थोडा कमी होईल, इतकंच. म्हणून खेळणं घेताना ते दुकानातच आपल्या कानाशी धरून वाजवावं. आपल्याला सोसवलं नाही तर मुलाला का द्यायचं? 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे, तेही पाहावं. जत्रेतल्या पिपाणीवर ते शोधायला जाऊ नये.

घरात आलेल्या खेळण्यावर साधा इलाज म्हणजे चिकटपट्टी. आवाज येतो त्या जाळीवर दोन-तीन थर घट्ट लावले की सायरनचा नुसता गुणगुणाट उरतो. पट्टीचं टोक मात्र मुलाच्या नखाला लागू देऊ नये. काही खेळण्यांच्या पाठीला आवाज कमी करायचं बटण असतं, ते आपल्याला सहसा दिसतच नाही. लाकडी ठोकळे, सावंतवाडीची लाकडी फळं ही तशी मुकी, पण फरशीवर पडली की दणका बसतो. खाली जुनी गोधडी अंथरावी. दाराखालच्या फटीला जुन्या लुगड्याची गुंडाळी लावावी.

सेल काढून खेळणं मुकं करणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. घड्याळात असतात तसले चपटे गोल सेल मुलानं गिळले, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. काढलेला सेल उंचावर ठेवा, झाकणाचा स्क्रू पुन्हा आवळा. गिळल्याची शंका जरी आली, तरी वाट न पाहता दवाखाना गाठा.

राहिला मावशींचा प्रश्न. सकाळी त्या आल्या की कामाच्या वेळा त्यांना सांगाव्यात. आमच्याकडे मीटिंग असली की दाराच्या कडीला लाल फडकं बांधतात. फडकं दिसलं की मावशी कणकेचा गोळा, कापडी बाहुली, वाटीत थोडं पाणी असलं काही काढतात आणि सुटलं की ढोल. कोणतं खेळणं कधी द्यायचं हे मावशींनी ठरवावं, आणि आईनं मध्येच दार उघडून डोकावू नये. ती दिसली की मूल रडणारच.

आणि वाढदिवसाच्या आठवडाभर आधी मामाला एक फोन करावा. गाडी आण, पण तिची किल्ली हातानं फिरवायची असू दे म्हणावं.