मुलामा किती दिवस टिकतो? दागिन्याच्या पाण्याचा हिशेब



उसाचं बिल हाती आलं, धानाचे चुकारे मिळाले की घरोघरी दागिन्याचा विषय निघतो. पुढे लग्नसराई असते. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा आणि चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा असते. जत्रा म्हटली की बेन्टेक्सच्या माळा-बांगड्यांची दुकानं आलीच. सोन्याचा भाव साध्या कास्तकाराच्या आवाक्याबाहेर गेला, तेव्हापासून मुलाम्याच्या दागिन्याला कोणी नाकं मुरडत नाही. त्यात गैर काही नाही. एस.टी.च्या गर्दीत खरं सोनं गळ्यात घालून जाण्यापेक्षा ते बरंच. पण तोच मुलामा एकीच्या अंगावर दोन महिन्यांत उडतो, आणि दुसरीच्या गळ्यात दहा वर्षं राहतो. असं का होतं, ते घेण्याआधी समजून घेतलं तर पैसा वाया जात नाही.

सारा खेळ जाडीचा

मुलामा म्हणजे हलक्या धातूवर चढवलेला भारी धातूचा पातळ थर. त्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस ढोबळमानाने ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. दुकानातल्या मुलाम्याचा थर पुष्कळदा एक मायक्रॉनसुद्धा नसतो.

"एक ग्राम" दागिन्याचंच बघा. नाव ऐकून वाटतं की त्यात एक ग्राम सोनं असणारच. हिशेब करून पाहू. चार बांगड्यांचा आतला-बाहेरचा पृष्ठभाग मिळून १०० चौरस सेंटीमीटर धरू. सोनं एका घनसेंटीमीटरला १९.३ ग्राम भरतं. तेव्हा एक ग्राम सोनं या चार बांगड्यांवर सारखं पसरलं तर थर सुमारे ५ मायक्रॉन होईल. हा चांगला दणकट थर झाला. पण दुकानातल्या बांगड्यांवर अर्धा मायक्रॉन थर असेल, तर चारही बांगड्यांवर मिळून सोनं लागलं ०.१ ग्राम, म्हणजे जुन्या मापाने एक गुंजही नाही! म्हणून नावावर जाऊ नये. थर किती मायक्रॉनचा, हे विचारावं.

मुलाम्याच्या तऱ्हा

पहिली तऱ्हा विजेच्या मुलाम्याची. दागिना क्षाराच्या द्रावणात बुडवून वीज सोडतात आणि सोन्याचे कण त्यावर बसतात. इटलीत ब्रुन्यातेल्ली यांनी १८०५ साली हे करून दाखवलं. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी पेटंट घेतलं आणि धंदा वाढला. वीज जितकी जास्त आणि वेळ जितका जास्त, तितका थर जाड. त्यामुळे पाच मिनिटांत "पाणी दिलेला" दागिना आणि नीट वेळ देऊन केलेला दागिना दिसायला सारखेच, टिकायला मात्र वेगळे. अमेरिकेत ०.१७५ मायक्रॉनपेक्षा पातळ थराला नुसती झलक समजतात. चांदीवर २.५ मायक्रॉन सोनं असेल, तर त्याला व्हर्माय हे मानाचं नाव मिळतं.

दुसरी तऱ्हा पत्रा चढवण्याची, म्हणजेच रोल्ड गोल्ड. इथे सोन्याची पट्टी तांब्या-पितळेच्या पट्टीवर तापवून दाबून बसवतात आणि मग दोन्ही एकत्र लाटतात. शेफील्ड गावच्या थॉमस बोल्सोव्हर यांनी १७४३ च्या सुमारास तांब्यावर चांदी अशी बसवली होती. यातल्या वरच्या प्रतीला अमेरिकेत गोल्ड फिल्ड म्हणतात. तिच्यात सोन्याच्या पत्र्याचं वजन एकूण वजनाच्या विसाव्या हिश्शाहून कमी चालत नाही. विजेच्या पातळ थरापेक्षा हा थर कित्येक पट जाड असतो. नीट वापरला तर दागिना वर्षानुवर्षं राहतो.

तिसरी तऱ्हा जुनी, पाऱ्याची. पाऱ्यात सोनं कालवून दागिन्याला लावायचं आणि तापवून पारा उडवायचा. नेपाळात पाटणचे कारागीर मूर्तींवर असंच सोनं चढवत आले. हा मुलामा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पण पाऱ्याचा धूर कारागिराचा जीव घेतो. टिकाऊ असला तरी हा मार्ग सोडून द्यावा असाच आहे.

चौथी तऱ्हा नवी, पीव्हीडी नावाची. निर्वात पेटीत स्टेनलेस स्टीलवर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर बसवतात. घड्याळांच्या पट्ट्यांवर तो दिसतो. कडकपणात शुद्ध सोनं त्याच्या पासंगालाही पुरत नाही, त्यामुळे ओरखडा सहजी पडत नाही. मात्र पुष्कळदा त्यात सोन्याचा कणही नसतो. आणि खालचा धातू पितळेसारखा मऊ असेल, तर ठोका बसल्यावर वरचा थर पापडासारखा तडकतो.

खालचा धातू आणि अस्तर

घराला पाया, तसा मुलाम्याला खालचा धातू. तेलकट किंवा नीट न घासलेल्या पितळेवर बसवलेला थर पोपडे होऊन निघतो. शिवाय तांबं सोन्याच्या थरातून हळूहळू वर येतं आणि दागिना काळवंडतो. ते अडवायला मध्ये निकेलचं अस्तर देतात. पण काहींच्या कातडीला निकेल सोसत नाही. कानाच्या पाळीला खाज सुटते, पाणी येतं. असं झालं तर तो दागिना पुन्हा घालू नये. चांदीवर केलेला मुलामा अशांना बहुधा मानवतो.

आपल्या शेतात काय होतं

शहरातली बाई दागिना समारंभाला घालते. आपल्याकडे बांगड्या-मंगळसूत्र घालूनच रोवणा होतो, तेंदूपत्ता तोडला जातो, मोहफुलं वेचली जातात आणि ऊसही सोलला जातो. बांधीतल्या चिखलात बारीक रेती असते. उसाच्या पाल्याची आणि धानाच्या तणसाची धार सिलिकामुळे असते. ही सारी हातावर चालणारी पॉलिश कागदाचीच जात. त्यात घामाचं मीठ, भांडी घासायची राख आणि पाण्यातली ब्लीचिंग पावडर. पिकावर गंधकाची भुकटी मारली तर चांदी काळी पडते. म्हणून मुलामा आधी उडतो तो अंगठीच्या आतून, बांगडीच्या कडेवरून आणि साखळीच्या कड्या एकमेकींना घासतात तिथून. कानातलं आणि गळ्यातलं त्यामानाने जास्त टिकतं.

आपल्या जंगलभागातल्या जुन्या रीतीकडेही बघावं. गोंड-माडिया बायांच्या अंगावर मण्यांच्या माळा आणि भरीव धातूचे दागिने असत. शेजारच्या बस्तरातले घडवे कारागीर आजही पितळ ओतून वस्तू करतात. ती मळते, पण चिंचेने घासली की पुन्हा लख्ख होते. वर जे, तेच आतपर्यंत असल्यावर उडणार काय?

गहाणाच्या दिवशी

आता मुख्य गोष्ट. आपल्या घरात दागिना म्हणजे नुसती हौस नसते. हंगामाला बियाणं-खत घ्यायचं असो, दवाखाना असो की पोरीची फी असो, बाईच्या पाटल्याच आधी निघतात. मुलाम्याच्या दागिन्यावर सोनेतारण कर्ज मिळत नाही. मोडीतही त्याला किंमत येत नाही. दहा हजारांचे चार मुलाम्याचे संच म्हणजे दहा हजारांचा खर्च झाला. तेवढ्याच पैशाचा खऱ्या सोन्याचा लहानसा मणी घेतला, तर ती बचत झाली. दोन्हीला आपापली जागा आहे, पण एकाला दुसरं समजू नये.

आणखी एक. जाड पत्र्याचा दागिना कसोटीच्या दगडावर सोन्यासारखाच कस देतो. दिसतं तसं नसतं, म्हणूनच जग फसतं. म्हणून "सोनं" म्हणून घ्याल तेव्हा हॉलमार्क बघाच. त्यात भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह, २२ कॅरेटसाठी ९१६ हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. तो क्रमांक मोबाइलवरच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून तपासता येतो.

घेताना आणि वापरताना

१) थर किती मायक्रॉन, खाली धातू कोणता, हे विचारा आणि पक्क्या बिलावर लिहून घ्या. बिल असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

२) रोजच्या मंगळसूत्राला वाट्या खऱ्या सोन्याच्या आणि सर मुलाम्याचा, ही जोडी परवडते.

३) शेतात, आंघोळीला, भांडी घासताना काढून ठेवा. तेल-अत्तर आधी लावा, दागिना मागून घाला.

४) मऊ कापडाने पुसून, कोरडा करून, वेगळ्या डबीत ठेवा. पेस्ट, राख, लिंबू लावू नका.

५) थर उडाल्यावर पुन्हा मुलामा करता येतो. पण तो कारागिराकडूनच करून घ्या. त्या द्रावणात बहुधा सायनाइड असतं. घरी प्रयोग नकोत.

६) लग्नात सुनेला मुलाम्याचा दागिना घालायचा असेल, तर आधीच तसं सांगा. अडीनडीला ती तो घेऊन सराफाकडे जाईल आणि तिथे चारचौघांत तिला ते कळेल, अशी पाळी तिच्यावर आणू नये.

उसाच्या काट्यावर आपण वजनाची पावती मागतो आणि ती जपून ठेवतो. दागिन्याच्या दुकानातही तशीच मागावी, एवढंच आमचं सांगणं.