सबॅटिकल घेऊन प्रोसेस मॉडेलिंग शिकायचंय? आधी भिवंडीच्या सायझिंगचं हे गणित बघा

समजा, भिवंडीतल्या एखाद्या सायझिंगमध्ये आठ-दहा वर्षं काढलेला इंजिनिअर आहे. मशीनच्या आवाजावरून काय बिघडलंय ते त्याला कळतं. पण मालकाने विचारलं, "रोलरचा दाब वाढवला तर कोळसा किती वाचेल?" की त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "करून बघावं लागेल, शेठ."

करून बघण्याआधीच अशा प्रश्नाचं उत्तर गणिताने काढणं म्हणजे प्रोसेस मॉडेलिंग. ते नीट शिकायला सहा महिने किंवा वर्षभर नोकरीतून बाजूला व्हावं का, असा प्रश्न अनेक इंजिनिअरना पडतो. घराचा हप्ता चालू असताना हा निर्णय सोपा नाही. म्हणून मुळापासून समजून घेऊ.

सायझिंगमध्ये नेमकं होतं काय?

भिवंडी म्हटलं की पॉवरलूम आठवतात. पण मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावावी लागते. सूत खळीच्या टाकीतून जातं, रोलरमध्ये पिळलं जातं आणि वाफेने तापलेल्या सिलिंडरवरून वाळत पुढे जातं. यालाच सायझिंग म्हणतात.

सूत जास्त वाळलं तर ठिसूळ होतं. ओलं राहिलं तर बीमवर चिकटतं, त्याला बुरशी लागते. खळ कमी-जास्त बसली की मागावर धागा तुटत राहतो. धागा तुटला की माग थांबतो आणि विणलेल्या मालावर मजुरी मिळणाऱ्या कारागिराचं नुकसान होतं. म्हणजे सायझिंगमधली चूक दुसऱ्याच कारखान्यातल्या माणसाच्या खिशातून वसूल होते.

मॉडेल म्हणजे काय? हे बघा

समजा, १,००० किलो सूत आहे. ते १,००० किलो खळ उचलतं आणि त्या खळीत १० टक्के घन पदार्थ आहे. म्हणजे सुतावर १०० किलो घन पदार्थ बसला आणि ९०० किलो पाणी वाफेने उडवावं लागलं.

आता रोलरचा दाब वाढवला. सूत ८०० किलोच खळ उचलतं, पण खळ दाट करून १२.५ टक्क्यांची केली. घन पदार्थ पुन्हा १०० किलोच बसला, पाणी मात्र ७०० किलोच उडवायचं राहिलं.

पाणी २०० किलोने, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांनी कमी झालं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणजे १,०८,००० किलोकॅलरी वाचल्या. कोळशाच्या एका किलोत ४,००० किलोकॅलरी आहेत आणि त्यातल्या निम्म्याच कामी येतात असं धरलं, तर दर टन सुतामागे ५४ किलो कोळसा वाचला. शेठच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. एवढ्या छोट्या हिशोबालाही मॉडेलच म्हणतात.

मग ‘ॲडव्हान्स्ड’ काय असतं?

वरच्या हिशोबात आपण बरंच काही गृहीत धरलं. दाट खळ सुतात तितकीच मुरेल का? जास्त दाबाने सूत चपटं होईल का? मशीनचा वेग वाढवला तर शेवटच्या सिलिंडरवर ओल किती उरेल? बॉयलरचा दाब मध्येच पडला तर पुढच्या पाच मिनिटांत काय होईल?

या सगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. त्यांची समीकरणं एकत्र सोडवणं, वेळेनुसार होणारे बदल धरणं आणि सगळ्यांत स्वस्त पण सुरक्षित मार्ग शोधणं, हा झाला प्रगत भाग. त्यासाठी उष्णता आणि वस्तुमानाचा ताळेबंद, थोडं कॅल्क्युलस आणि प्रोग्रॅमिंग लागतं. कामावरून दमून आल्यावर रोज अर्धा तास देऊन हे पक्कं होत नाही. सलग वेळेची गरज वाटते ती इथे.

सॉफ्टवेअर परवडतं का?

या क्षेत्रातलं मोठं नाव म्हणजे ‘ॲस्पेन’. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९७० च्या दशकात सरकारी पैशातून हा प्रकल्प उभा राहिला आणि १९८१ मध्ये त्यातून कंपनी निघाली. त्याचा व्यावसायिक परवाना छोट्या कारखान्याला परवडणारा नसतो.

पण ‘डीडब्ल्यूसिम’ हे मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प त्याचा प्रसार करतो आणि सायलॅब, ओपनमॉडेलिका, पायथॉन यांचाही. ‘स्पोकन ट्युटोरियल’ या आयआयटीच्याच उपक्रमात मराठीतूनही बरेच धडे आहेत. ‘एनपीटीईएल’वर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम फुकट बघता येतात, पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला.

एक लक्षात ठेवा. डीडब्ल्यूसिममध्ये हीट एक्स्चेंजर, पंप तयार मिळतात, सायझिंग मशीन मिळणार नाही. त्याची समीकरणं तुम्हालाच लिहावी लागतील.

वर्गात बसून शिकायचं असेल तर माटुंग्याची आयसीटी आहे. १९३३ मध्ये ‘यूडीसीटी’ म्हणून ती सुरू झाली, तेव्हा तिथले विषयच होते टेक्स्टाइल केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनिअरिंग!

सबॅटिकल हा हक्क आहे का?

खासगी नोकरीत नाही. हिब्रू ‘शब्बाथ’ म्हणजे विश्रांती, त्यावरून आलेला हा शब्द. शेत सहा वर्षं कसायचं आणि सातव्या वर्षी पडीक ठेवायचं, ही ती जुनी कल्पना. हार्वर्ड विद्यापीठाने १८८० मध्ये ती प्राध्यापकांसाठी आणली.

आपल्याकडे यूजीसीच्या नियमांत प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापकांना सात वर्षांच्या सेवेनंतर अशी रजा मिळू शकते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना पाच वर्षांच्या सेवेनंतर अध्ययन रजा मागता येते, एका वेळी साधारण १२ महिने आणि संपूर्ण सेवेत २४ महिने. कारखान्यातल्या पगारी रजेचा कायदा मात्र वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस इतकाच हिशोब करतो. बाकी सगळं मालकाच्या मर्जीवर.

म्हणून तोंडी "जा, ये परत" यावर थांबू नका. परतल्यावर पद आणि पगार काय, पीएफ आणि मेडिक्लेमचं काय, हे लेखी घ्या. मंजूर रजेने ग्रॅच्युइटीसाठीची सेवा तुटत नाही. राजीनामा दिलात तर ती तिथेच संपते आणि पुढच्या नोकरीत मोजणी शून्यापासून सुरू होते.

मग जावं की नाही?

आधी एक परीक्षा घ्या. नोकरी चालू असताना तीन महिने आपल्या मशीनची वही ठेवा. सुताचं वजन, खळीचं प्रमाण, मशीनचा वेग, वाफेचा दाब, दिवसाचा कोळसा आणि धागा किती वेळा तुटला, हे रोज लिहा. मग वरच्यासारखा हिशोब एक्सेलमध्ये मांडा आणि खऱ्या कोळशाशी ताडून बघा.

उत्तर जुळलं तर कदाचित रजेची गरजच नाही, संध्याकाळचा एखादा कोर्स पुरेल. जुळलं नाही आणि का जुळत नाही हेही कळेना, तर काय शिकायला जायचं ते तुम्हाला सापडलं. मालकाकडे रजा मागतानाही हीच वही कामी येईल. कारण "मला शिकायचंय" यापेक्षा "टनामागे इतका कोळसा कुठे जातो ते शोधून येतो" हे त्याला लवकर पटतं.

मात्र मालकाची परवानगी घेऊन त्या वहीची एक प्रत सोबत न्या. आपल्या कारखान्याचे आकडे हाताशी नसतील, तर वर्षभराने सॉफ्टवेअर येईल, पण शेठचा प्रश्न तसाच राहील.