घंटागाडी आणि कॅमेरा

खाडीपल्याड वसलेल्या नवी मुंबईत हौशी छायाचित्रकारांची वानवा नाही. हिवाळ्यात ठाणे खाडीच्या चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे उतरले, की काठावर लांबलचक भिंगे रोखली जातात. २०२२ साली ‘रामसर’ यादीत समाविष्ट झालेल्या या पाणथळीचे कौतुक व्हावे, त्यात वावगे काही नाही. तथापि, ज्या तरुणास या छंदातून काही घडवावयाचे आहे, त्याने सुधारक ओलवे यांची वाटचाल एकवार पाहावी.

ओलवे यांचा जन्म १९६६चा, अकोल्याचा. मुंबईत जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि १९८८पासून ते वृत्तपत्र-छायाचित्रणात आले. ही नोकरी हाताला वेग देते. दृष्टी देईलच असे नाही. आज मंत्र्यांचे उद्घाटन, उद्या क्रिकेटचा सामना, परवा कोसळलेली इमारत, अशा धावपळीत छायाचित्रकार सर्वत्र जातो, पण कोठेच थांबत नाही. ओलवे थांबले ते मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांपाशी. बहुसंख्येने दलित असलेले हे कामगार मलनिःसारणाच्या वाहिन्यांत उतरत, उघड्या हातांनी घाण उपसत. ओलवे यांनी त्यांचे काम टिपलेच, शिवाय त्यांच्या घरात जाऊन तेथील व्यसन, आजार आणि संसारही कृष्णधवल चित्रांत आणले. प्रवास म्हटला की नवशिक्यांना हिमालय आठवतो. हा प्रवास मात्र एकाच शहराच्या पोटातला होता, आणि तोच त्यांना देशोदेशींच्या प्रदर्शनांपर्यंत घेऊन गेला. २०१६ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली.

या चित्रांनी काय साधले, असा रोकडा प्रश्न कोणी विचारील. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक व्यापक झाला. गटारात मृत्यू आल्यास दहा लाखांची भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ही रक्कम तीस लाख केली. भरपाईचा आकडा वाढवावा लागतो, याचाच अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत. छायाचित्र कोणाचा जीव वाचवीत नाही, हे खरेच. पण ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ म्हणण्याची सोय ते नागरिकांपासून काढून घेते, आणि ही सोय सुशिक्षितांना फार प्रिय असते.

स्वच्छ सर्वेक्षणात २०२० आणि २०२३ साली नवी मुंबई देशात तिसरी आली. शहराने फलक लावले, ते योग्यच. मात्र या क्रमांकामागे पहाटेपासून राबणारी माणसे फलकांवर क्वचितच दिसतात. त्यांची चित्रे कोणी काढावयाची? साधनांची अडचण आता उरलेली नाही. छत्तीस चित्रांचा रोळ जपून वापरण्याचे दिवस गेले, खिशातला मोबाइल पुरेसा आहे. अडचण आहे ती ओळखीची. नाव विचारावे लागते, परवानगी घ्यावी लागते, नकार मिळाल्यास कॅमेरा मिटून तेथेच बसावे लागते आणि छापलेले चित्र घेऊन पुन्हा त्या घरी जावे लागते.

वाशीला लोकल १९९२ साली आली, आणि जे. जे. कलाशाळा तासाभराच्या अंतरावर आली. घंटागाडी तर रोज सकाळी सोसायटीच्या फाटकाशीच येऊन उभी राहते.