ठिणगी पडते, पण परवानगी मिळाली तरच

घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातानं मोटार बांधणं हा ब्रिटनमधला जुना छंद. कॉलिन चॅपमननं 1957 साली आणलेली लोटस सेव्हन सुट्या भागांच्या रूपातही मिळायची, कारण अशा गाडीवर तेव्हाचा खरेदी कर लागत नसे. त्याच धाटणीच्या हलक्या, उघड्या गाड्या तिथले हौशी लोक आजही बांधतात आणि त्यातले काही जण मोटारीच्या इंजिनाऐवजी मोटरसायकलचं इंजिन बसवतात. यामाहाच्या 1998च्या आर-वनचं उदाहरण घ्या. 998 सीसी, दीडशे अश्वशक्ती आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटातच! पाचशे किलोच्या आतबाहेरच्या गाडीत एवढी ताकद म्हणजे चंगळच.

इंजिन चौकटीत बसवणं हे वेल्डिंगचं, मोजमापाचं काम. ते चिकाटीनं होतं. खरी परीक्षा पुढे असते. बॅटरी जोडून सेल्फ मारला की कधी इंजिन हूं की चूं करत नाही, तर कधी गरगर फिरतं पण पकडत नाही. प्लग काढून पाहावा, तर करंटच येत नाही. इंजिन ठणठणीत असतं, कॉइलही चांगली असते. मग अडतं कुठे?

आधी ठिणगीचं गणित पाहू. बॅटरी देते 12 व्होल्ट. प्लगच्या मिलिमीटरभराहूनही लहान फटीतून, तेही दाबलेल्या वायूमधून, ठिणगी उडवायला लागतात हजारो व्होल्ट. ही तफावत भरून काढते इग्निशन कॉइल, आणि तिच्या मुळाशी आहे फॅरेडेनं 1831 साली दाखवून दिलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन. कॉइलमध्ये एक वेटोळं थोड्या फेऱ्यांचं, दुसरं त्याच्या साधारण शंभरपट फेऱ्यांचं. पहिल्यातून दोन-तीन मिलिसेकंद प्रवाह वाहू द्यायचा, चुंबकीय क्षेत्र तयार झालं की तो झटक्यात तोडायचा. क्षेत्र कोसळताना पहिल्या वेटोळ्यातच तीनएकशे व्होल्ट उसळतात आणि दुसऱ्यात वीस-तीस हजार. प्रवाह जोडताना ठिणगी पडत नाही, तोडताना पडते. चार्ल्स केटरिंगची या तत्त्वावरची यंत्रणा 1910च्या कॅडिलॅकमध्ये आली. तेव्हा प्रवाह तोडायला यांत्रिक पॉइंट असत, आता ट्रान्झिस्टर असतो.

तो ट्रान्झिस्टर इसीएम नावाच्या छोट्या संगणकाच्या ताब्यात असतो. इंजिन मिनिटाला 12 हजार फेरे मारत असेल, तर क्रँकचा एक फेरा होतो 5 मिलिसेकंदांत आणि क्रँक एक अंश फिरायला लागतात जेमतेम 14 मायक्रोसेकंद. एवढ्या वेगात ठिणगी अचूक अंशावर पडावी म्हणून क्रँकवरच्या दातेरी चाकाशेजारी एक सेन्सर प्रत्येक दाता मोजत बसलेला असतो. त्याचा इशारा फार नाजूक, विशेषतः सेल्फवर इंजिन हळू फिरत असताना. त्याची वायर कॉइलच्या वायरीला खेटून नेली की इसीएमला भलतेच दाते दिसू लागतात.

तरीही कॉइलची जोडणी सोपीच म्हणायची. प्रत्येक कॉइलच्या एका टोकाला 12 व्होल्ट, दुसरं टोक इसीएमकडे. घोळ होतो तो परवानग्यांचा. साइड स्टँड वर आहे का? गाडी न्यूट्रलमध्ये आहे का? नसेल तर क्लच दाबलाय का? किल स्विच चालू आहे का? किल्लीतली चिप ओळखीची आहे का? मोटरसायकलचं वायरिंग हे सगळं विचारून घेतं, मगच सेल्फ फिरू देतं किंवा ठिणगी पाडू देतं. मोटारीत साइड स्टँडच नसतो, त्यामुळे त्या स्विचच्या जागी योग्य जोड द्यावा लागतो. तो कुठला, हे त्या मॉडेलच्या, त्या सालाच्या वायरिंग डायग्राममध्येच सापडतं. अंदाजानं वायरी जोडत बसणं म्हणजे इसीएम जाळून घेणं.

यातला मला सर्वांत विलक्षण वाटतो तो गाडी आडवी झाल्याचं ओळखणारा सेन्सर. मोटरसायकल वळणावर झुकते तेव्हा गुरुत्वाकर्षण आणि बाहेर ढकलणारं बल यांची बेरीज गाडीच्या स्वतःच्या उभ्या रेषेतच येते. म्हणून 45 अंश झुकलेल्या गाडीतही सेन्सरमधला लंबक मधोमध राहतो. गाडी रस्त्यावर आडवी पडली, तरच तो कलतो आणि इंजिन बंद करतो. मोटार मात्र वळणावर झुकत नाही. बाजूचं त्वरण गुरुत्वाकर्षणाइतकं झालं की लंबक 45 अंश कलतो, आणि चांगल्या टायरांच्या हलक्या गाडीला तेवढं त्वरण सहज गाठता येतं. कुठल्या अंशाला इंजिन बंद व्हायचं ते मॉडेलवर ठरतं. ही मर्यादा न तपासता गाडी ट्रॅकवर नेली, तर ऐन वळणात इंजिन दगा देऊ शकतं. सेन्सर कायमचा गप्प करणंही बरोबर नाही, कारण गाडी उलटली तर पेट्रोल पंप बंद करायला काहीतरी हवंच. आदळल्यावर पंपाचा प्रवाह तोडणारा इनर्शिया स्विच बसवणं हा शहाणपणाचा मार्ग. इंजिनातल्या तेलाचीही हीच गत. वळणावर ते एका बाजूला धावतं आणि तेलाच्या पंपाचं तोंड कोरडं पडतं, म्हणून तेल साठतं त्या तळाच्या संपमध्ये आडव्या पट्ट्या घालाव्या लागतात.

अर्थिंगकडेही दुर्लक्ष नको. बॉडी फायबरची असेल तर तिच्यातून प्रवाह परत येत नाही आणि चौकटीवरचं पावडर कोटिंगही वीज अडवतं. सेल्फ शंभर अँपिअर ओढत असेल, तर अर्थच्या जोडातला अवघा 0.02 ओहमचा अडथळा 2 व्होल्ट खातो. उरलेल्या व्होल्टांवर सेल्फ फिरतो, पण इसीएम गोंधळतो. कोटिंग खरवडून जाड केबल थेट इंजिनाला द्यायची, हाच उपाय.

आपल्याकडेही हे काम होतं. मुंबई-पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतले विद्यार्थी फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांसाठी मोटरसायकलच्या इंजिनांवर रेसिंग कार बांधत आले आहेत. त्यांच्यातलं लाडकं इंजिन म्हणजे केटीएम 390चं, 373 सीसीचं, आणि ती गाडी बनते आपल्या चाकणला. हे विद्यार्थी बरेचदा कंपनीचा इसीएम काढून स्वतः प्रोग्राम करता येणारा बसवतात. मग साइड स्टँडची कटकट संपते, पण स्पर्धेचे नियम नव्या परवानग्या लावतात. चालकाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना बंद करायची बटणं, एक कॉकपिटमध्ये, शिवाय इनर्शिया स्विच आणि ब्रेकचं पेडल वाजवीपेक्षा खोल गेलं तर प्रवाह तोडणारा स्विच. यांतल्या एकानं जरी प्रवाह तोडला, तरी इंजिन बंद.

अशी घरी बांधलेली गाडी आपल्याकडे रस्त्यासाठी नोंदवून घेणं जवळपास अशक्य आहे, हे आधीच लक्षात घ्या. कॉलेजच्या प्रकल्पासाठी किंवा ट्रॅकसाठी मात्र जरूर बांधा. त्यासाठी जुनं इंजिन घेताना इसीएम, किल्ली, कुलूप आणि सगळं वायरिंग एकाच गाडीचं मागून घ्या. वायरी मधेच कापलेल्या असतील, तर स्वस्त मिळालं तरी ते इंजिन घेऊ नका.