नाइन थर्टी सिक्स

लॅमिंग्टन रोडच्या कुठल्याही काउंटरवर "नाइन थर्टी सिक्स आहे का?" एवढं विचारलं तरी पुरतं. कंपनी कुठली, कशासाठी हवंय, असं काही दुकानदार विचारत नाही. तो पोटमाळ्याकडे बघून पोऱ्याला हाक मारतो आणि वरून एक खोकं खाली येतं. आत एक डबा, समोर तापमानाचं गोल बटण, वायरला लावलेली बारीक मुठीची आयर्न, एक स्टँड आणि पिवळा स्पंज. डबा आकाराच्या मानाने जड लागतो, कारण आत ट्रान्सफॉर्मर असतो. अंधेरी-बोरिवलीहून वेस्टर्नने ग्रँट रोडला उतरलेली किंवा मुलुंड-घाटकोपरहून दादरला गाडी बदलून आलेली इंजिनीअरिंगची पोरं हे खोकं पाठपिशवीत कोंबून परत जातात. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. दुकानदारांच्या पावतीवर ते असतं, तोंडात नसतं.

हा नंबर मूळचा ओसाकाचा. १९५२ साली सुरू झालेल्या हाको या जपानी कंपनीने ९३६ नावाचं सोल्डरिंग स्टेशन काढलं आणि जगभरच्या वर्कशॉपांत ते मुरलं. रचना अगदी सरळ. ट्रान्सफॉर्मर घरातल्या विजेचे २४ व्होल्ट करतो, आयर्नच्या टोकात सिरॅमिकचा हीटर, त्याच हीटरमध्ये तापमान ओळखणारा सेन्सर, आणि डब्यात या दोघांचा हिशोब ठेवणारं छोटं सर्किट. बटण २०० पासून ४८० अंशांपर्यंत फिरतं. सरळ रचनेची नक्कलही सरळ होते. चीनमध्ये तिच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या, आपल्याकडे सोल्ड्रॉनसारख्या भारतीय कंपनीनेही स्वतःचं ९३६ बाजारात आणलं. खुद्द हाकोने २०१० च्या सुमारास ९३६ बंद करून एफएक्स-८८८ आणलं. मूळ यंत्र गेलं, नंबर राहिला. आज नवशिक्याने घ्यायचं पहिलं स्टेशन कोणतं, या प्रश्नाचं माझं उत्तर याच नंबरापाशी येतं. हाकोचं नवं मॉडेल दहा हजारांच्या पुढे जातं. या नंबराच्या नकला साधारण दीड ते अडीच हजारांत मिळतात, आणि शिकणाऱ्याला लागणारं जवळपास सगळं त्यात असतं.

"मग दोन-तीनशे रुपयांची साधी २५ वॉटची आयर्न काय वाईट?" हा घरच्यांचा पहिला प्रश्न. वाईट नाही. आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि टीव्ही याच आयर्नने दुरुस्त केले. पण तिला थांबायचं कुठे हे कळत नाही. स्टँडवर नुसती ठेवली तर तापत तापत चारशेच्याही वर जाते आणि टोक काळं पडतं. मग तीच आयर्न जाड ग्राउंड ट्रॅकवर टेकवली की तांबं उष्णता ओढून घेतं, टोक गार पडतं आणि सोल्डर पिठासारखं चिकटून बसतं. ज्याचा हात बसलाय तो हे सांभाळून घेतो. कधी पटकन उचलतो, कधी थोडं थांबतो. नवशिक्याला मात्र दोष हाताचा की हत्याराचा हेच कळत नाही, आणि तिथेच त्याचा उत्साह मरतो. स्टेशनातला सेन्सर टोक गार पडतंय हे ओळखून लगेच जास्त वीज सोडतो. पैसे द्यायचे ते या राखणदारीचे. वॉटचा आकडा इथे दुय्यम.

चांगला जॉइंट कसा होतो ते एकदा जवळून बघावं. रेझिस्टरचा पाय बोर्डाच्या भोकातून खाली आलाय. आयर्नचं टोक पायाला आणि तांब्याच्या पॅडला, दोघांना एकाच वेळी टेकवायचं. एक-दोन सेकंदांनी सोल्डरची तार समोरच्या बाजूने लावायची, टोकावर नाही. दोन्ही धातू तापलेले असतील तर तार टेकताच सोल्डर वितळून पॅडभर पसरतं, पायावर थोडं चढतं आणि मधे खोलगट उतार घेऊन चमकतं. आधी तार काढायची, मग आयर्न. जॉइंट थिजेपर्यंत बोर्ड हलवायचा नाही. सोल्डर गोळ्यासारखं वर बसलं, तर ते पॅडला धरलेलं नाही. बाहेरून जोडलेलं दिसतं आणि यंत्र मधेच चालतं, मधेच बंद पडतं. दुकानात याला ड्राय सोल्डर म्हणतात. दुरुस्तीला आलेल्या मालातला मोठा वाटा त्याचाच.

या कामासाठी बटण ३२० ते ३५० च्या दरम्यान पुरतं. ६०/४० ची तार, म्हणजे साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं, १८३ अंशांना मऊ व्हायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळते. मग ३५० कशाला? कारण टोकातली उष्णता पॅडमध्ये एक-दोन सेकंदांतच उतरायला हवी. ४८० वर ठेवून काम लवकर होतं हा भ्रम. तारेच्या पोटातला फ्लक्स, म्हणजे राळ, जळून जातो, टिप खराब होते आणि पॅड बोर्डावरून उखडून येतं.

टिपवर थोडं जास्तच बोलायला हवं, कारण स्टेशन घेणारे बटणांकडे बघतात आणि टिपकडे दुर्लक्ष करतात. सोबत येते ती पेन्सिलीसारखी टोकदार. बारीक काम म्हणजे बारीक टोक, असं नवशिक्याला वाटतं. पण उष्णता टेकण्याच्या जागेतून जाते, आणि टोकदार टिपची ती जागा नखभरही नसते. पहिल्याच फेरीत सपाट छिन्नीसारखी टिप वेगळी मागून घ्यावी, २.४डी असं नाव सांगितलं की दुकानदाराला कळतं. ९३६ च्या घराण्यात बहुतेक ठिकाणी ९००एम जातीच्या टिपा बसतात. त्या सगळीकडे मिळतात, हेही ९३६ घेण्याचं एक मोठं कारण. अनोळखी, देखण्या डिजिटल स्टेशनची टिप दोन वर्षांनी कुठे शोधणार?

टिप आतून तांब्याची असते, बाहेरून लोखंडाचा पातळ मुलामा. वितळलेलं कथील तांब्याला हळूहळू खातं; लोखंड त्याला अडवतं. पूर्वीची बिटं नुसत्या तांब्याची होती. ती झिजली की कानशीने घासून टोक काढायचं. घरातले जुने जाणकार नव्या टिपलाही तोच न्याय लावायला जातात. त्यांच्या हातात कानस देऊ नये, मुलामा गेला की टिप गेली. नव्या टिपला पहिल्यांदा तापतानाच सोल्डर लावून ठेवायचं, काम संपल्यावर बंद करण्याआधी पुन्हा लावायचं. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकून कथील फिरवतो, तेच हे काम. इथे नवसागराच्या जागी तारेच्या पोटातली राळ असते. म्हणूनच प्लंबर वापरतात ती ॲसिडची पेस्ट इलेक्ट्रॉनिक्सच्या बोर्डाला कधीही लावू नये. ती ट्रॅक खाऊन टाकते.

उपनगरांना हे काम नवं नाही. अंधेरी पूर्वेला १९७३ मध्ये सीप्झ सुरू झालं. नावातच इलेक्ट्रॉनिक्स होतं: सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. निर्यातीचे बोर्ड भरायला रांगेने बाकं मांडलेली आणि त्यांवर बहुसंख्य बायका. या उपनगरांतल्या कितीतरी घरांचं भाडं आणि पोरांची फी सोल्डरच्या धुरातून निघाली. पुढे तिथे हिरे-दागिन्यांचा आणि सॉफ्टवेअरचा धंदा वाढला. जगभर मोठ्या कारखान्यांत बोर्ड भरायचं काम यंत्रांकडे गेलं, हाताचं काम दुरुस्ती आणि नमुन्यांपुरतं उरलं. हे कौशल्य घराघरांत होतं, पण ते छंद म्हणून कुणी मोजलं नाही. अलीकडच्या काळात ‘मेकर’ हा शब्द आला तेव्हा ते नव्याने शोधल्यासारखं झालं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या मेकर्स असायलमने अंधेरीत अशी सामायिक कार्यशाळा चालवली, जिथे कुणीही येऊन बाकावर बसावं. आता तिचा मुक्काम गोव्यात आहे. उपनगरात तशी उघडी जागा फारशी उरली नाही, म्हणून पोरं पैसे साठवून स्वतःचंच स्टेशन घेतात.

घ्यायला जाताना खिशात मल्टिमीटर असावा. नसेल तर दुकानदाराचा मागावा, तो देतो. प्लग सॉकेटमध्ये न लावता मीटरची एक तार टिपच्या टोकाला आणि दुसरी प्लगच्या जाड, म्हणजे अर्थच्या पिनेला लावायची. हाकोच्या स्वतःच्या मापात टिपपासून अर्थपर्यंतचा रोध २ ओहमच्या आत लागतो. मीटरने काहीच दाखवलं नाही, तर टिप अर्थला जोडलेलीच नाही. मग टिपवरची स्थिर वीज थेट आयसीत उतरू शकते. असं खोकं परत वर पाठवावं, कितीही स्वस्त असलं तरी. हीटरही मोजता येतो: हाकोच्या मूळ जातीचा गार असताना सुमारे ३ ओहम दाखवतो, सेन्सर पन्नासच्या आसपास. नकलांमधल्या काही हीटरांत वेगळ्या जातीचा सेन्सर असतो, तिथे हा दुसरा आकडा जुळणार नाही. म्हणून जोडीला सुटा हीटर कोणता लागेल हे त्याच काउंटरवर विचारून पावतीवर लिहून घ्यावं.

स्टेशनाचं अर्थ ठीक असून भागत नाही, घरातलंही हवं. अंधेरी-बोरिवलीला अदानीची वीज, मुलुंडला महावितरणची. मीटरपर्यंतचं काम त्यांचं, मीटरच्या पुढचं आपलं. जुन्या चाळींत आणि बऱ्याच जुन्या सोसायट्यांत सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे वायर नसते. दोनशे रुपये घेणारा वायरमन ते बघून देतो. तीन पिनेच्या प्लगला दोन पिनेचा ॲडॉप्टर लावून भागवणं हा इथे अतिशय वाईट जुगाड आहे.

आता जागेचा प्रश्न. घाटकोपरच्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे अभ्यासाचं टेबल रात्री जेवणाचं होतं, तिथे ट्रान्सफॉर्मरचा डबा ठेवायचा कुठे? अशांसाठी मी ९३६ चा आग्रह सोडतो. मिनीवेअरची टीएस१०१, किंवा पाइन६४ ने २०२० मध्ये आणलेली पाइनसिल, ही पेनाएवढी आयर्न लॅपटॉपच्या यूएसबी-सी चार्जरवर चालते, काही सेकंदांत तापते आणि खाली ठेवली की आपोआप गार होते. तिचं सॉफ्टवेअरही खुलं आहे, हौशी पोरांना त्याचं वेगळंच आकर्षण. काम संपलं की कंपासपेटीत जाते. फक्त चार्जरला बहुधा अर्थ नसतो, तेव्हा नाजूक कामासाठी मुठीला वेगळी अर्थची तार जोडावी लागते. आणि टिपा ९३६ पेक्षा महाग, त्याही पटकन मिळतील असं नाही.

उरलेले पैसे तारेत घालावेत. दुकानात गेज सांगायचं: १८ जाड, २२ बारीक, शिकायला २२ गेजची ६०/४०. ६३/३७ मिळाली तर उत्तम, ती १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम थिजते, त्यामुळे हात हलून जॉइंट बिघडायची भीती कमी. बिननावाची स्वस्त रीळ घेऊ नये. तिच्यात कथील किती आणि राळ किती हे ती रीळच जाणे. सराव भंगारातल्या सेट-टॉप बॉक्सवर किंवा मेलेल्या एलईडी बल्बच्या बोर्डावर करावा. पण युरोपने २००६ मध्ये शिशावर बंधन आणल्यापासून बराचसा माल शिसेविरहित सोल्डरचा येतो. ते २१७ अंशांच्या पुढेच वितळतं, म्हणून जुना जॉइंट सुटत नाहीसा वाटतो. त्यावर आपली ६०/४० थोडी वितळवून मिसळली की तो मऊ होतो, मग सोल्डर पंपाने ओढून घ्यायचा.

शिशाची वाफ या तापमानाला जवळपास होत नाही; शिसं बोटांवरून पोटात जातं. एका हातात आयर्न आणि दुसऱ्या हातात वडापाव ही प्रोजेक्टच्या रात्रीची पद्धत सोडावी, हात साबणाने धुवावेत. नाकात जातो तो राळेचा धूर. त्याने दमा होऊ शकतो, असलेला वाढतो. खिडकीत उलटा लावलेला छोटा पंखा पुरतो, मात्र वाऱ्याचा झोत टिपवर येऊ देऊ नये.

पावसाळ्यात उपनगरातल्या हवेत तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही. जूनपासून काम झालेला बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करावा, सुटे भाग झिपच्या पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवावेत आणि स्पंज ओला ठेवून आठवडाभर विसरू नये. त्यापेक्षा पितळी तारेचा चोथा बरा. टिप त्याने पुसली तर फारशी गारही पडत नाही. दुकानदार निघताना हॉट एअरचं ब्लोअर दाखवेल, "दोन्ही एकत्र घ्या, स्वस्त पडेल" म्हणेल. मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात उतरायचं असेल तर घ्यावं, नाहीतर पहिल्या वर्षी सोल्डर पंपावर भागतं.