सारखीं दिसणारीं एंजिनें

स्वयंपाकघरांतील फळीवर एकाच दुकानांतून आणलेले दोन डबे असतात. उंची सारखी, रंग सारखा, घडणही सारखी. एकाचें झांकण दुसऱ्यावर ठेवलें तर कधीं तें नीट बसतें. कधीं थोडें ठोकून बसवावें लागतें. आणि कधीं तें बसल्यासारखें दिसतें, पण डबा आडवा होतांच आंतील तेल फळीभर पसरतें. पहिल्या दोन प्रकारांत गृहिणीची फसगत होत नाहीं. कारण झांकण बसलें कीं नाहीं हें तिला तेथल्या तेथें कळतें. फसगत होते ती तिसऱ्या प्रकारांत. मालमोटारींचीं एंजिनें आणि त्यांचे सुटे भाग यांची गोष्ट अगदीं अशीच आहे. फरक इतकाच कीं, तेथें वायां जातें तें पावशेर तेल नसून एखाद्या मालकाची वर्षाची पुंजी असते.

हा प्रकार समजून घेण्यास अमेरिकेंतील शेव्हरलेट कंपनीच्या सहा सिलिंडरांच्या एंजिनांसारखें दुसरें उदाहरण नाहीं. मुंबईस हीं एंजिनें परकीं नाहींत. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढला व तो १९५४ पर्यंत चालला. त्या काळांतील कांहीं गाड्या हौशी मालकांनीं अद्याप जतन करून ठेविल्या आहेत, आणि अमेरिकेंत तर अशा जुन्या मालमोटारींवर जीव लावणारे लोक गांवोगांव आढळतात. अशी गाडी चालू ठेवावयाची म्हणजे कोठून तरी जुना भाग, किंवा सबंध एंजिनच, मिळवावें लागतें. आणि मग तोच प्रश्न पुढें उभा राहतो: हें त्यास चालेल काय?

या घराण्याचें मूळ एंजिन १९२९ च्या मॉडेलाबरोबर बाजारांत आलें. त्यांतील बोल्ट चुलीचे पत्रे जोडणाऱ्या खांचेच्या बोल्टांसारखे दिसत, म्हणून अमेरिकन लोकांनीं या घराण्याचें नांवच 'स्टोव्हबोल्ट' असें पाडलें. त्यांतून पुढें जीं एंजिनें निघालीं त्यांपैकीं तीन प्रमुख आहेत. १९३७ चें २१६, १९४१ मध्यें प्रथम अवजड मालमोटारींसाठीं काढलेलें २३५, आणि १९५४ चें २६१. हे आंकडे म्हणजे सहा सिलिंडरांत मिळून पिस्टन जितकी जागा व्यापीत वरखालीं होतात तिचें घनइंचांतील माप होय. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर पहिलें साडेतीन लिटरांचें, दुसरें पावणेचारांहून किंचित् अधिक, आणि तिसरें सव्वाचारांच्या आसपास.

परंतु हा आंकडा म्हणजे एक गुणाकार आहे, आणि गुणाकारांतून मूळचे दोन घटक दिसत नाहींत. एक घटक सिलिंडरचा व्यास, दुसरा पिस्टनची धाव. २१६ मध्यें व्यास साडेतीन इंच व धाव पावणेचार इंच आहे. २३५ मध्यें व्यास ३ ९/१६ इंच व धाव ३ १५/१६ इंच. म्हणजे दोन्ही घटक बदलले. २६१ मध्यें व्यास पावणेचार इंच झाला, पण धाव २३५ चीच राहिली. यावरून एक गोष्ट कागदावरच ठरते. तिघांचे पिस्टन व त्यांच्या कड्या एकमेकांस चालणार नाहींत. कारण तिघांचे व्यास निराळे. धाव ठरविणारा क्रँकशाफ्टही २१६ चा इतर दोघांस उपयोगी नाहीं. येथवर मोजपट्टी पुरेशी आहे. खरी अडचण येते ती जेथें मोजपट्टी दोन्हीकडे सारखेंच माप दाखविते तेथें.

पहिली अशी अडचण तेलाची. एंजिनांत प्रत्येक पिस्टनाखालीं एक कनेक्टिंग रॉड असतो व त्याचें खालचें टोंक क्रँकशाफ्टास धरून मिनिटास हजारों वेळां फिरतें. त्या सांध्यास तेल न मिळाल्यास कांहीं क्षणांतच धातु तापून वितळूं लागतो. २१६ मध्यें आणि १९५३ पूर्वींच्या २३५ मध्यें या सांध्यास तेल देण्याची युक्ति मोठी साधी होती. रॉडच्या तळाशीं एक लहानशी पळी बसविलेली असे. खालीं पन्हळींत तेल भरलेलें असे. रॉड फिरतांना पळी त्या तेलांत बुडे व तेल उचलून सांध्यास पाजी. वेग वाढला कीं नळ्यांतून तेलाची धार सुटे व ती फिरत्या पळीवर आपटे. मुख्य बेअरिंगांस मात्र पंपाच्या दाबानें तेल मिळे. १९५३ सालीं शेव्हरलेटनें आपोआप गियर बदलणाऱ्या मोटारींच्या २३५ मध्यें ही पद्धत बदलली, आणि १९५४ पासून सर्वच २३५ मध्यें क्रँकशाफ्टास भोंकें पाडून दाबाचें तेल थेट रॉडच्या सांध्यापर्यंत नेलें.

बाहेरून पाहणाऱ्यास या बदलाचा मागमूसही लागत नाहीं. आंकडा तोच, व्यास तोच, धाव तीच. परंतु जुन्या २३५ मध्यें रॉडच्या टोकांत बॅबिट नांवाची कथलाची मऊ मिश्रधातु ओतून ती कांतून बेअरिंग केलेलें असे. तें झिजलें कीं मधल्या पातळ पट्ट्या काढून सांधा आवळावयाचा, आणि तेंही संपलें कीं रॉड नव्यानें ओतून घ्यावयाचा. नव्या २३५ मध्यें त्याऐवजीं पोलादी पाठीच्या पातळ वाट्या आहेत. झिजल्या कीं काढून टाकाव्या व नव्या घालाव्या. आतां ज्या मालकानें केवळ २३५ हा आंकडा पाहून १९४८ च्या एंजिनासाठीं वाट्यांचा संच मागविला त्याचे पैसे फुकट गेले; कारण त्या घालावयास तेथें जागाच नाहीं.

याहून सूक्ष्म फसगत तेलाचा दाब दाखविणाऱ्या घड्याळाची आहे. जुन्या गाडींतील घड्याळावर तीसच पौंडांपर्यंत आंकडे असत व गरम एंजिनांत कांटा चौदा पौंडांच्या आसपास राहिला तरी प्रकृति ठीक समजत. कारण रॉडांस दाबाची गरजच नव्हती. नव्या पद्धतीच्या एंजिनास साठ पौंडांचें घड्याळ लागतें. नवें एंजिन जुन्या गाडींत बसविलें व घड्याळ जुनेंच ठेविलें तर कांटा टोंकास जाऊन अडतो आणि पुढें कांहींच सांगत नाहीं. उलट, नव्या एंजिनाची संवय असलेला मिस्त्री जुन्या एंजिनाचे चौदा पौंड पाहून चांगला पंप नादुरुस्त ठरवितो, किंवा दाब वाढावा म्हणून जाड तेल ओततो. जाड तेल पन्हळींत सावकाश येतें, धार मंद पडते, पळी उपाशी राहते; कांटा मात्र वर चढलेला दिसतो. मालक समाधान पावतो आणि एंजिन मरणाच्या वाटेस लागतें.

दुसरी अडचण पाण्याची. १९५४ नंतरचें २३५ व २६१ हीं सख्खीं भावंडें शोभतात. सिलिंडरांवर जें जड ओतीव झांकण असतें, ज्यास हेड म्हणतात, तें एकाचें दुसऱ्यावर बोल्टाबोल्टास जुळून बसतें. तथापि २६१ मध्यें व्यास वाढविण्यासाठीं शेजारशेजारच्या सिलिंडरांच्या भिंती एकमेकींस जोडाव्या लागल्या. त्यामुळें मधून पाणी खेळावयास वाव उरला नाहीं. त्या जोडणीपाशीं पाण्याची वाफ कोंडूं नये म्हणून ब्लॉक, गॅस्केट व हेड या तिघांतही लहान भोंकें ठेविलीं आहेत. २३५ च्या हेडांत तीं नाहींत. तें तसेंच २६१ वर चढविलें तर एंजिन पहिल्या झटक्यास सुरू होतें, चार दिवस गोड चालतें, आणि मग एखाद्या चढावर, ओझें भरलेलें असतां, कोंडलेल्या वाफेच्या ठिकाणीं हेड नको तितकें तापतें. गॅस्केट जळणें किंवा हेडास तडा जाणें हा त्याचा शेवट. जाणता कारागीर हेंच हेड घेतो, पण २६१ चें गॅस्केट त्यावर ठेवून खुणा करतो, तीं भोंकें पाडतो व मगच तें बसवितो. भाग तोच, अज्ञानाच्या हातीं तो घातक, ज्ञानाच्या हातीं तो उपयुक्त.

तिसऱ्या प्रकारच्या अडचणी कटकटीच्या असल्या तरी प्रामाणिक आहेत, कारण त्या स्वतःला लपवीत नाहींत. १९५५ पासून या गाड्यांची वीज सहा व्होल्टांवरून बारांवर गेली. जुन्या फ्लायव्हीलच्या कडेस १३९ दांते होते, नव्याच्या कडेस १६८ आले. दांते बदलले म्हणजे स्टार्टरही बदलला. एकाचा दुसऱ्याशीं मेळ बसत नाहीं. त्याचप्रमाणें नंतरच्या २३५ चा पाण्याचा पंप जुन्या गाडींत घेतल्यास त्याचा पंखा जुन्या रेडिएटरसमोर योग्य जागीं येत नाहीं. म्हणून मध्यें एक पोलादी पट्टी घालून जुनाच पंप त्यावर बसविण्याची तोड लोकांनीं काढली आहे. येथें चूक झाली तर ती पहिल्याच दिवशीं कळते, आणि पहिल्या दिवशीं कळलेली चूक फारशी महाग पडत नाहीं.

एकाच छत्राखालीं निघालेल्या दोन एंजिनांचें नातें मानतांना तर अधिकच जपावें लागतें. जनरल मोटर्सच्याच जीएमसी शाखेनें सहा सिलिंडरांचीं, डोक्यावर झडपा असलेलीं, दिसावयास बरीचशीं शेव्हरलेटसारखीं एंजिनें काढलीं. त्यांपैकीं २७० घनइंचांचें एंजिन दुसऱ्या महायुद्धांतील अडीच टनी लष्करी मालमोटारींत होतें. या गाड्या पांच लाखांहून अधिक बांधल्या गेल्या आणि आसामांतील लेडो येथून ब्रह्मदेशाकडे काढलेल्या रस्त्यावरही त्या धांवल्या. शेव्हरलेट पळीनें तेल पाजीत होती त्या काळींही जीएमसीचें एंजिन रॉडांस दाबाचें तेल देत होतें. मापें निराळीं, ओतकाम निराळें. कंपनी एक म्हणून भाग एक, हें अनुमान येथें साफ फसतें.

मग ओळखावयाचें कशावरून? झडपांवरील पत्र्याचें झांकण माथ्यावर दोन नटांनीं धरलेलें असेल तर घडण जुनी, आणि कडेनें चार स्क्रूंनीं धरलेलें असेल तर १९५४ नंतरची, अशी एक खूण सांगतात. ती आरंभास बरी. परंतु सत्तर वर्षांत किती हातांनीं कोणतें हेड कोणत्या ब्लॉकवर चढविलें असेल याचा नेम काय? खरी साक्ष ब्लॉकवर ओततांनाच उमटलेल्या आंकड्याची. त्याच्या सोबतीस ओतल्याची तारीखही असते: 'ए' पासून 'एल' पर्यंतचें एक अक्षर महिना दाखवितें, पुढें दिवस, आणि शेवटीं वर्षाचा केवळ अखेरचा आंकडा. म्हणून 'बी १२ ४' म्हणजे बारा फेब्रुवारी, पण १९४४ ची कीं १९५४ ची, हें नुसत्या तारखेवरून कळत नाहीं. दोन्ही खुणा एकत्र वाचाव्या लागतात. एकीचा निकाल दुसरी पक्का करते.

हा विचार केवळ परदेशांतील जुन्या यंत्रांपुरता नाहीं. टाटांनीं १९५४ पासून जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें जमशेदपूरला मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. पुढें त्यांच्या एंजिनांस ६९२, ६९७, ४९७ अशीं नांवें मिळालीं. येथें आंकडा गुणाकाराचा नसून घटकांचा आहे: पहिला अंक सिलिंडरांची संख्या, पुढील दोन अंक व्यासाचे मिलिमीटर. म्हणजे ६९२ व ६९७ या दोघांतही सिलिंडरें सहाच. पण व्यास ९२ व ९७, आणि धावही पहिल्यांत १२० तर दुसऱ्यांत १२८ मिलिमीटर. उलट ४९७ मध्यें सिलिंडरें चारच असूनही व्यास व धाव ६९७ चींच आहेत. नांवांत कोण कोणाच्या जवळचा दिसतो आणि मापांत कोण कोणाच्या जवळचा आहे, हीं दोन नातीं भिन्न आहेत. आणि माप जुळलें तरीही भागाचा क्रमांक जुळविल्यावांचून तो घेऊं नये, हें शेव्हरलेटच्या पळीनें शिकविलेंच आहे.

शेव्हरलेटच्या या घराण्याची जागा १९६२-६३ च्या सुमारास नव्या घडणीच्या एंजिनांनीं घेतली. म्हणून आतां त्याचा प्रत्येक शाबूत ब्लॉक हा मोजकाच ठेवा आहे. चुकीच्या भागानें फुटलेला ब्लॉक पुन्हां ओतला जात नाहीं. अशा वेळीं मिस्त्रीनें विचारावयाचे प्रश्न दोन आहेत. 'हा भाग बसतो काय?' हा पहिला, आणि त्याचें उत्तर पाना देतो. 'बसल्यावर त्यास तेल कोठून मिळेल, पाणी कोठून फिरेल व ओझें कोण उचलील?' हा दुसरा, आणि त्याचें उत्तर पान्यापाशीं नाहीं; तें यंत्र समजून घेणाऱ्या माणसापाशीं आहे. ज्या दुकानांत हा दुसरा प्रश्न विचारला जातो त्या दुकानीं गाडी निर्धास्त सोडावी.